सदाशिव पेठेतल्या मीटर बोर्डावरची माणसं गेली कुठे?

गोदाकाठचा

नमस्कार मंडळी. मी गंगाखेडचा, जिल्हा परभणी. राज्यसेवेच्या तयारीसाठी पुण्यात आहे. पेरूगेटच्या मागे एका जुन्या वाड्यात पहिल्या मजल्यावर कॉट बेसिसवर राहतो. खोलीत आम्ही चौघं. भिंतीत दोन कोनाडे, लाकडी खुंट्या, खिडकीला गज, आणि तुळया इतक्या खाली की आमच्यातला एक उंच मुलगा वाकूनच वावरतो. खुंट्यांना बॅगा आणि टॉवेल, कोनाड्यात चार्जर आणि राज्यघटनेचं पुस्तक.

प्रश्न जिन्याखालच्या मीटरच्या बोर्डावरून पडला. लाकडी फळी आहे, प्रत्येक मीटरच्या जागेखाली पांढऱ्या ऑइलपेंटने आडनाव लिहिलंय. कुलकर्णी, आपटे, दाते, शिंपी, पुन्हा एक कुलकर्णी आणि त्यापुढे 'मास्तर'. बरेचसे मीटर काढून नेलेत, नुसत्या वायरी लोंबतात. या आडनावांपैकी वाड्यात आता एकच घर आहे, मागच्या दोन खोल्यांतल्या आजींचं. बाकी सगळे आमच्यासारखे. बीड, लातूर, हिंगोली, बुलढाणा, सोलापूर. तळमजल्यावर अभ्यासिका आणि झेरॉक्सचं दुकान.

मला विचारायचंय ते असं. ही माणसं कुठे गेली? एकदम गेली की हळूहळू? मालकाने काढली का? आमच्या खोलीत आधी कोण आणि किती जण राहत असतील, तळमजल्यावर काय असेल?

आणि एक. भूगोलाला आम्ही वाचतो की शहर वाढलं की मध्यवस्तीचं काम बदलतं, राहणारे कमी होतात आणि दुकानं-कचेऱ्या वाढतात. पेठा रिकाम्या झाल्या असं पुण्यातले लोकही म्हणतात. पण आमच्या गल्लीत रात्री अकराला अभ्यासिका सुटते तेव्हा चालायला जागा नसते. मग रिकामी झाली म्हणजे काय झालं?

कोथरूडकर

आमचं आडनाव अशाच एका बोर्डावर होतं. शनिवार पेठ. वडिलांनी १९८६ साली कोथरूडला फ्लॅट घेतला आणि कारण एकच होतं, संडास. वाड्याच्या मागच्या टोकाला सगळ्यांत मिळून तीन. पावसाळ्यात रात्री आई कंदील आणि छत्री घेऊन आम्हाला न्यायची. ताई वयात आली तेव्हा आईने वडिलांना सांगितलं की आता इथे राहायचं नाही. वाडा सुटला म्हणून हळहळणारे पुष्कळ भेटतात, त्यातल्या बायका मला फार कमी भेटल्या.

वाड्यातली

गोदाकाठच्या, तुला 'तू' म्हणते, माझ्या नातवाच्या वयाचा असशील. तुझे प्रश्न वाचून दिवसभर दुसरं काही सुचलं नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

माझं बालपण नारायण पेठेत, नदीकडच्या बाजूला गेलं. तुझ्या खोलीएवढ्याच खोलीत आम्ही सात जण. आजी, आईवडील, आम्ही तीन भावंडं आणि वाईहून शिकायला आलेला आतेभाऊ. पुढच्या बाजूला पडदा लावून चूल, नंतर स्टोव्ह. खुंट्यांवर वडिलांचा कोट आणि टोपी, एका कोनाड्यात देव, दुसऱ्यात आजीची औषधं. तेव्हा पेठेची लोकसंख्या कमी व्हायला माणसांनी घर सोडून जावं लागलंच असं नाही. माझ्या पिढीत दोन मुलं झाली, पुढच्या पिढीत एक. बिऱ्हाडं तेवढीच राहिली तरी माथी अर्ध्यावर आली. हे लोक विसरतात.

तळमजल्याचं सांगते. आमच्या वाड्यात खाली छापखाना होता आणि तुझ्या पेरूगेटच्या आसपासही अशी छोटी छोटी मुद्रणालयं गल्लोगल्ली होती. उतरत्या टेबलावर मोठाल्या लाकडी केस मांडलेल्या, त्यांत लहान-मोठे कप्पे आणि कप्प्यांत शिशाचे खिळे, म्हणजे छपाईची एकेक सुटी अक्षरं. खिळे जुळवणारे जुळारी डाव्या हातात ते लावायची पट्टी, स्टिक, धरायचे, डोळे हस्तलिखितावर, आणि उजवा हात आपोआप बरोबर त्या कप्प्यात जायचा. जोडाक्षरांचे खिळे वेगळे, कान्याचे वेगळे. जुळवलेला मजकूर सुतळीने बांधून ठेवायचे. आम्ही मुलं धावताना धक्का लागून एकदा तो सांडला होता, तर म्हातारे जुळारी एक शब्द न बोलता खाली बसून खिळे वेचत राहिले. आम्हाला त्यापेक्षा ओरडा परवडला असता. लग्नपत्रिका, शाळांच्या प्रश्नपत्रिका, दिवाळी अंकांचे फॉर्म, सगळं तिथून निघायचं. मग ऑफसेट आलं, संगणकावरची जुळणी आली, खिळे वजनावर भंगारात गेले. मालकांच्या मुलाने त्याच जागेत झेरॉक्सचं मशीन टाकलं. १९६१ साली पानशेतचं धरण फुटून आलेला पूर आमच्या वाड्याची मागची बाजू घेऊन गेला होता, पुढची ही बाजू राहिली म्हणून हे पुढचं सगळं घडू शकलं. आता तिथे तुम्हा मुलांच्या नोट्स स्पायरल करून मिळतात. तुझ्या वाड्यातलं दुकानही असंच कुठून तरी आलेलं असण्याची शक्यता मला फार वाटते. मागच्या आजींना विचार.

लोक एकदम गेले की हळूहळू? नदीकाठचे एकदम गेले. १२ जुलै १९६१. पानशेतचं धरण सकाळी फुटलं, त्या लोंढ्याने दुपारी खडकवासलाही गेलं. मी आठ वर्षांची होते. पाणी येतंय अशी हाकाटी झाली तेव्हा आईने धाकट्याला कडेवर घेतलं, आजीचा हात धरला आणि आम्ही तुळशीबागेच्या दिशेने चालत सुटलो. घरातून निघालं ते अंगावरचे कपडे आणि आजीच्या हातातला देवांचा डबा. परत आलो तेव्हा वाड्याच्या मागच्या भिंती नव्हत्या. मातीच्या भिंती पाण्यात फुगतात आणि बसतात, तुळया तशाच वर लटकत राहतात. खडकवासलाच फुटल्यामुळे नळाला पाणी नाही. पेठेतल्या वाड्यांतले आड, ज्यांच्यावर फळ्या टाकून ठेवल्या होत्या, ते उपसून लोकांनी पाणी काढलं.

त्यानंतर पूरग्रस्तांना जागा मिळाल्या त्या सहकारनगर, गोखलेनगर, दत्तवाडी अशा भागांत. वडिलांनी इतर पूरग्रस्तांबरोबर गृहरचना संस्था काढली आणि आम्ही पर्वतीच्या मागे आलो. तेव्हा इथे माळ होता. आजी सारखी विचारायची, इथे देऊळ कुठेय, मंडई कुठेय, संध्याकाळी बसायचं कुणाशी. ती शेवटपर्यंत नारायण पेठेचाच पत्ता सांगायची. म्हणजे बघ, आज ज्याला पुण्याचा जुना, शांत, मध्यमवर्गीय भाग म्हणतात तो सहकारनगर एका आपत्तीतून, अंगावरच्या कपड्यांनिशी आलेल्या माणसांनी वसवलेला आहे.

तुझ्या बाजूला पाणी पोहोचलं नाही, तिथले हळूहळू गेले. पिंपरीला १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, पुढच्या दशकात भोसरी-आकुर्डी-चिंचवडला एमआयडीसी आणि मोटारींचे कारखाने. आधी पेठेतले कर्ते पुरुष शाळेत, पोस्टात, कचेरीत चालत नाहीतर सायकलवर जायचे. आता पहाटे कंपनीची बस अलका टॉकीजच्या चौकात यायची. कंपनीत पगार बरे, घरासाठी कर्ज मिळायचं. त्या कर्जांतून कोथरूड आणि बिबवेवाडी उभी राहिली. त्यांच्या मुलांनी संगणक शिकला, हिंजवडी झाली, ते बाणेर-बालेवाडीला गेले, काही परदेशी गेले. एकेका घरातून एकेक जण जातो, मीटर चालू राहतो, आणि शेवटी म्हातारे गेले की मीटर उतरतो.

मालकाने काढलं का? आमच्याकडे उलट होतं. आमचं भाडं महिना बारा रुपये आणि ते कायद्याने वाढत नव्हतं. बारा रुपयांत मालक कौलं बदलत नसे, आणि बारा रुपयांची जागा भाडेकरू सोडत नसे. दोघांपैकी कुणालाही मी दोष देत नाही. आमच्या मालकीणबाई विधवा होत्या, त्यांचं घर त्याच भाड्यांवर चालायचं. वाडा मोडकळीला आला तो या दोन गरजांच्या मध्ये अडकून.

आता तुझ्या शेवटच्या प्रश्नावर, कारण तो मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. पेठ रिकामी झालेली नाही, तिथे निजणारी माणसं बदलली. आणि बाहेरगावचा विद्यार्थी ही पेठेला नवी गोष्ट नाही. माझ्या वडिलांच्या लहानपणी वार लावून जेवणारी मुलं होती, सोमवारी या घरी, मंगळवारी त्या घरी. १९०९ साली अनाथ विद्यार्थी गृह सुरू झालं ते अशाच मुलांसाठी, आजचं पुणे विद्यार्थी गृह ते हेच. आमचा वाईचा आतेभाऊ हाही त्याच रांगेतला.

पण एक फरक आहे आणि तो स्पष्ट सांगितला पाहिजे. वार लावणारी मुलं जातीतलीच असत. जातीबाहेरच्या मुलाला या वाड्यांच्या ओसरीवरही बसता येत नव्हतं. बुधवार पेठेतल्या भिडे वाड्यात जोतिराव आणि सावित्रीबाईंनी १८४८ साली मुलींची शाळा काढली, तेव्हा सावित्रीबाईंच्या अंगावर शेण टाकणारे लोक याच शहरातले. तो वाडाही पुढे दुकानांनी भरून गेला आणि डिसेंबर २०२३ मध्ये स्मारकासाठी पाडला. त्याच पेठांत आज ऊसतोड कामगाराची मुलगी रात्री अकरापर्यंत अभ्यासिकेत बसते. माझ्या डोळ्यांदेखत या भागात झालेला हा सगळ्यांत मोठा आणि सगळ्यांत चांगला बदल आहे. जुनी पेठ गेली म्हणून माझ्या वयाचे लोक गळा काढतात तेव्हा मी त्यांना हेच सांगते.

जाता जाता, विश्रामबागवाडा तुझ्यापासून पाच मिनिटांवर आहे. दुसऱ्या बाजीरावाने राहायला बांधला. पेशवाई गेली, १८२१ साली तिथे संस्कृत पाठशाळा आली. १८७९ च्या आगीत पुढचा भाग जळाला. नंतर नगरपालिकेची आणि मग महापालिकेची कचेरी तिथे होती. एकदा बाहेरचे सुरूच्या झाडाच्या आकाराचे कोरीव खांब बघून ये.

हमालाचा नातू

वाड्यातली ताई, छान लिहिलंत. पण पेठ म्हटलं की सगळ्यांच्या बोलण्यात सदाशिव-नारायणच येतात, म्हणून पूर्वेकडचं थोडं.

माझे आजोबा वेल्ह्याकडचे. भात निघालं की पुण्यात यायचे, नंतर कायमचे आले. नाना पेठ आणि भवानी पेठ म्हणजे तेव्हा भुसार बाजार. आढत्यांच्या पेढ्या, मागे गोदामं, रस्त्यावर बैलगाड्या आणि ट्रक एकात एक अडकलेले. पोतं शंभर किलोचं. लोखंडी आकडा पोत्यात रुतवायचा, पाठ वळवायची आणि फळीवरून वर चढायचं. आजोबांचा तो आकडा आमच्या घरी आहे, मूठ घासून गुळगुळीत झालीय. त्यांना पाठीचा त्रास मरेपर्यंत होता. हमाल पंचायत, म्हणजे हमालांची संघटना, झाली तेव्हापासून मजुरीचा हिशोब नीट मिळायला लागला, हे ते प्रत्येकाला सांगायचे.

मग घाऊक बाजार गुलटेकडीला मार्केट यार्डात गेला. ट्रकची कोंडी सुटली म्हणून शहराला बरं वाटलं असेल, आमच्या गल्लीचं मात्र कामच गेलं. हमाल राहायला नाना पेठेत आणि बाजार गुलटेकडीला. चहावाले, भाकरीवाल्या, गोणपाट शिवणाऱ्या बायका, सगळ्यांचं गिऱ्हाईक उठलं. रिकाम्या गोदामांत हळूहळू दुचाकीच्या सुट्या भागांची दुकानं आली. आज पुण्यात कुणाला क्लच प्लेट पाहिजे असली की नाना पेठ. मीही त्यातल्याच एका दुकानात काम शिकलो आणि आता माझं स्वतःचं आहे.

गोदाकाठच्या, तुझ्या बोर्डावर एक शिंपी आहेत. आमच्या आडनावाला त्या काळात तुझ्या वाड्यात खोली मिळाली नसती. तू तिथे राहतोस याचा मला खरंच आनंद आहे. मार्केट यार्डाकडे आलास तर 'कष्टाची भाकर'मध्ये जेव. हमालांनी १९७४ साली सुरू केलेलं आहे, आणि तुमच्यासारखी मुलं तिथे नेहमी दिसतात.

बार्शीची

माझी नवी पेठेत मेस आहे, म्हणून दोन ओळी. मार्च २०२० मध्ये मुलं एकेक सॅक घेऊन गावी गेली. पुस्तकांच्या पेट्या, गाद्या, सायकली इथेच. रिकामी पेठ बघायची असेल त्यांनी ती तेव्हा बघायला हवी होती. सकाळी दूधवाला, नंतर कुणीच नाही. आमच्या गल्लीत तेव्हा कळलं की किराणा, इस्त्री, सलून, चहा, सगळं या पोरांवर चालतं. घरमालकांनाही कळलं. मी स्वयंपाकाच्या बायांना निम्मा पगार देऊ शकले, पुढे तोही देता आला नाही, याचं वाईट अजून वाटतं. पुढच्या वर्षी ११ मार्चला परीक्षा पुढे ढकलली म्हणून याच शास्त्री रस्त्यावर पोरं बसली, तेव्हा सगळ्या महाराष्ट्राला दिसलं की इथे किती जण राहतात.

नकाशावाला

नगररचनेत काम करतो, म्हणून भाड्याचं थोडं. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी साधारण १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधली गेली. युद्धानंतरच्या टंचाईत भाडेकरूला रस्त्यावर येऊ न देण्यासाठी ते गरजेचं होतं. पण तीच पातळी पन्नास वर्षं राहिली. १९९९ चा नवा कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला, त्यात दरसाल चार टक्के वाढ मिळाली. बारा रुपयांचे चार टक्के काढून बघा. वाडे पडले किंवा बिल्डरकडे गेले ते यामुळे. ज्यांनी पाडले नाहीत त्यांना उत्पन्नाचा एकच मार्ग उरला, रिकामी झालेली खोली कॉटवर देणे. चार कॉटना मिळून जे येतं ते वाड्याच्या साऱ्या जुन्या भाड्यांच्या बेरजेपेक्षा कितीतरी जास्त असतं.

पुणे महापालिकेची लोकसंख्या २००१ ला २५ लाख ३८ हजार होती, २०११ ला ३१ लाख २४ हजार. वाढ झाली ती कडेला. नंतर २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं हद्दीत आली. या वाढीत पेठांचा वाटा शोधायचा तर अडचण अशी की तिथे खोलीत किती कॉट आहेत याची नोंद कुणी देत नाही. करारनामा नसतो, कर राहत्या घराचा भरलेला असतो. पाण्याचा आणि कचऱ्याचा ताण दिसतो, माणसं कागदावर दिसत नाहीत.

गोदाकाठचा

सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, आजींना विचारलं. तळमजल्यावर छापखाना नव्हता, बाइंडिंगचा कारखाना होता. वह्या शिवायच्या बायका ओसरीवर बसायच्या आणि आजी स्वतः त्यांतल्या एक. आमच्या खोलीत मास्तर कुलकर्णी राहायचे, बायको, चार मुलं आणि मास्तरांची आई. ते १९७९ ला बिबवेवाडीला गेले. शिंपी नावाप्रमाणे कपडे शिवणारे नव्हते, रेल्वेत होते.

नकाशावाला सर, तुमचं शेवटचं वाक्य डोक्यात बसलंय. माझं मतदान गंगाखेडला, रेशनकार्ड गावचं, आधारवर गावचा पत्ता. इथला करारनामा नाही. खोली घेताना मालकांनी पूर्ण नाव दोनदा विचारलं, पण लिहून कुठेच घेतलं नाही. आता जनगणना येतेय. त्यात आम्ही कुठले धरले जाऊ?

नकाशावाला

मतदार यादीतला पत्ता जनगणनेला लागत नाही. मोजणीच्या काळात तुम्ही जिथे मुक्कामाला असाल तिथे नोंद होते. प्रत्यक्ष माणसं मोजण्याचा टप्पा फेब्रुवारी २०२७ मध्ये आहे, संदर्भ तारीख १ मार्च. त्याआधी घरांची यादी होते, ती महत्त्वाची. गणक दारात येईल तेव्हा मालकाने किंवा शेजाऱ्याने 'वर कुणी राहत नाही, मुलं येऊन-जाऊन असतात' असं सांगितलं की तुमची खोली बंद घर म्हणून लागते. तुम्ही दिवसभर अभ्यासिकेत असता, म्हणून हे हमखास घडतं. दोन्ही टप्प्यांना खोलीतल्या एकाने तरी घरी थांबा. आणि गावी आईवडिलांनी तुमचं नाव तिथे घातलंय का तेही विचारा, दोन्हीकडे नको.

वाड्यातली

आणि मागच्या आजींना सांगून ठेव. त्या दिवसभर घरात असतात, गणक आधी त्यांच्याच दारात येणार. वर चौघं राहतात आणि पलीकडच्या खोल्यांत किती, हे त्यांना आधीच कागदावर लिहून दे, नावांसकट. बाइंडिंगच्या कारखान्यातल्या बायकांबद्दल अजून काय सांगतात तेही विचार. दिवसाला किती वह्या, मजुरी किती, कुठून यायच्या. मला वाचायचंय.